पासपोर्ट ही मेहेरबानी नव्हे



आपल्या बहुतेक घरांत कागदांची एक पिशवी असते. खुंटीला टांगलेली, नाही तर पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली. शिधापत्रिका, जातीचा दाखला, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, विजेचे देयक, आधार आणि मतदार ओळखपत्र एवढे कागद तीत सापडतात. ते मिळविण्यासाठी आपल्या वडिलांनी किती उंबरे झिजविले हे ज्याचे त्याला ठाऊक. परंतु या पिशवीत पासपोर्ट, म्हणजे सरकारी मराठीतले पारपत्र, मला शंभरात फार थोड्या घरी आढळले. कारण विचारले की एकच उत्तर मिळते : "वकीलसाहेब, आम्हाला कुठे विलायतेला जायचे आहे?"

हे उत्तर मला मान्य नाही. आपल्या घरातील प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाने पासपोर्ट काढून ठेवावा, आणि तो गरज पडण्यापूर्वी काढावा, असे माझे मत आहे. मी महाबळेश्वर तालुक्यात राहतो व जिल्ह्यातील न्यायालयांत वकिली करतो. आमच्या डोंगरावर पासपोर्ट ही वस्तू अपरिचित नाही. येथील हॉटेलांत उतरणाऱ्यांच्या सामानात ती असते, पाचगणीच्या निवासी शाळांत शिकणाऱ्या कित्येक मुलांपाशी ती असते. त्या हॉटेलांत भाकरी भाजणाऱ्याच्या, त्या शाळांत कपडे धुणाऱ्याच्या घरी मात्र ती नसते. आणि ती आपल्यासाठी नाही असे जे आपल्याला वाटते, ते आपोआप वाटू लागलेले नाही. तसे वाटावे अशी व्यवस्था एके काळी होती. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी एक हकीकत सांगतो, कारण तिच्यात माझाही दोष आहे. येथील एका हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या गृहस्थांची मुलगी. पदवीला उत्तम गुण मिळवून तिने परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविला. आपल्या राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. वर्षाला ७५ जागा. त्या आशेने तिने सर्व तयारी केली. पासपोर्ट तेवढा नव्हता. जूनमध्ये अर्ज केला, तेव्हा असे दिसून आले की शाळेच्या दाखल्यावर तिचे आडनाव गावावरून घेतलेले नवे आहे आणि आधारवर जुने 'कांबळे' आहे. नावे जुळत नसल्यामुळे तातडीच्या, म्हणजे तत्काळ योजनेचाही उपयोग होईना. आधार दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. तोवर जुलै उजाडला. आमच्याकडचा पाऊस सुरू झाला की कित्येक हॉटेले दारे लावून घेतात. हे कुटुंब हॉटेलच्या मागच्या खोलीत राहणारे, ते नेमाप्रमाणे जावळीतल्या आपल्या गावी उतरले. हवालदार पडताळणीस आले, खोलीला कुलूप होते. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून येत नाही' असा शेरा गेला. पासपोर्ट हाती पडला तेव्हा सप्टेंबर निम्मा सरला होता आणि तिकडे वर्ग सुरू झाले होते.

माझा दोष कोणता? त्या घराला आडनाव बदलण्याचा सल्ला काही वर्षांपूर्वी मीच दिला होता. मुलीचे नाव शाळेत नव्या आडनावाने लागले, सर्वांना समाधान वाटले, आणि 'आता बाकीचे कागदही बदलून घ्या' हे वाक्य सांगावयाचे मी विसरलो. मुलीने मला शब्दाने दुखविले नाही. "दादा, पुढच्या वर्षी बघू" एवढेच ती म्हणाली. यंदा तिने पुन्हा अर्ज केला आहे. परंतु गेलेले वर्ष काही माझ्या क्षमायाचनेने परत येणार नाही, म्हणून हा लेख.

आता त्या व्यवस्थेविषयी. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा प्रवाशाला पासपोर्टची आजच्यासारखी सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली. इंग्रज गेले, पण ती पद्धत राहिली, आणि विशेष म्हणजे तिच्यासाठी कायदा असा काही नव्हता. पासपोर्ट देणे वा न देणे ही सरकारची मर्जी. १९४७ ते १९६७ या वीस वर्षांत ही मर्जी कोणावर झाली आणि कोणावर झाली नाही, याचा शोध इतिहाससंशोधकांनी परराष्ट्र खात्याच्या जुन्या कागदांतून घेतला आहे. परदेशात हिंदी माणसाचे नाव खाली जाऊ नये या सबबीखाली निरक्षर, अंगमेहनतीची कामे करणारे आणि 'हलक्या' समजल्या गेलेल्या जातींतील लोक विलायतेस जाऊ नयेत, अशी दक्षता अधिकारी घेत असत. मळ्यांवर नेलेल्या गिरमिट्या मजुरांची लाज त्यांना वाटे. मजुराला ज्यांनी मळ्यांवर नेऊन राबविले त्यांची वाटत नसे. घटनेने अस्पृश्यता रद्द केली त्याच काळात टेबलाच्या त्या बाजूला ही गाळणी चालू होती. "आम्हाला कुठे विलायतेला जायचे आहे?" हे वाक्य आपल्या तोंडी कोठून आले, याचा विचार करताना हेही लक्षात ठेवावे.

ही मर्जी संपविली ती सर्वोच्च न्यायालयाने. सतवंत सिंग सॉहनी नावाच्या एका व्यापाऱ्याकडून सरकारने पासपोर्ट परत मागितले. तो न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायद्याच्या आधारावाचून सरकारला तो हिरावता येत नाही. सरकारची धावपळ उडाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा, १९६७ झाला. तरीही पुढे जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'सार्वजनिक हितास्तव' एवढे सांगून जप्त झाला आणि कारणे देण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी त्या खटल्याचा निकाल लागला. कायद्याने घातलेली कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने रुजविले आणि आजही सर्व न्यायालये ते मानतात. हा खटला एका मोठ्या घरच्या सुनेचा होता खरा. पण त्याचा आधार घेऊन पुढे तुरुंगातील कैद्यांनी आणि पदपथावर राहणाऱ्यांनी न्याय मागितला. हक्काचे असेच असते. तो कोणाच्याही दाराने आत आला तरी घरात सर्वांचा होतो.

आणखी एक प्रकार अलीकडचा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' असा शेरा असतो. अशा माणसाला आखाती व अन्य काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारी परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा आहे. मजुराला फसवून नेणारे दलाल आपल्या जिल्ह्यातही कमी नाहीत. परंतु जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केले की या शेऱ्याचे पासपोर्ट यापुढे नारिंगी वेष्टनात देऊ, बाकीच्यांचे निळेच राहतील. म्हणजे विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे शिक्षण आणि हातावरचे पोट दहा पावलांवरून कळावे! गळ्यातल्या मडक्याची आठवण कोणाला झाली नसेल तर आपल्याला तरी व्हावी. देशभर, विशेषतः केरळात, ओरड झाली, आणि ३० जानेवारी २०१८ रोजी तो बेत मागे घेण्यात आला. अठरा दिवसांत मागे घेतला गेला हे खरे. पण सुचला कसा, हा माझा प्रश्न कायम आहे.

आता नावाच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या घरांत सर्वांत अधिक घोटाळा तेथेच आहे.

नव्याने धम्म स्वीकारलेली कुटुंबे मला विचारतात : जातीच्या दाखल्यावर अमुक लिहिले आहे, शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' लिहिले आहे, आम्ही तर बौद्ध झालो, पासपोर्ट अडेल काय? अडणार नाही. पासपोर्टाच्या अर्जात धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही, आणि पासपोर्टावरही यांतले काही छापले जात नाही. तेथे फक्त 'भारतीय' असे लिहिलेले असते. एवढ्यासाठी कोणी धर्मांतराचे प्रमाणपत्र मागू लागला, तर तो कायद्याबाहेरचे मागतो आहे असे समजावे. दीक्षा घेतल्याने नाव बदललेच पाहिजे असाही नियम नाही.

नाव बदलले असेल तर मात्र ते अर्धवट बदलू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जिला पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणू लागले, एक मुलगा दाखल झाला. पटावर नाव पडले 'भिवा रामजी आंबेडकर'. त्याच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. पुढे जगाने त्याला भीमराव म्हणून ओळखले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि ती नोंद पाहण्यास लोक मुद्दाम जातात. पण क्षणभर कल्पना करा की हाच विद्यार्थी आज पासपोर्टाच्या खिडकीपाशी उभा आहे : शाळेत भिवा, इतरत्र भीमराव, घराण्याचे सकपाळ, दाखल्याचे आंबेडकर. खिडकीमागच्या बाईंनी काय म्हटले असते ते मी सांगावयास नको. मोठेपण कागदातील तफावत भरून काढीत नाही.

म्हणून गावावरून आडनाव घेतले असेल, किंवा दीक्षेच्या वेळी मुलाचे नाव पालटले असेल, तर प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करावा. राजपत्रात नावाचा, जन्मतारखेचा आणि धर्माचाही बदल प्रसिद्ध होतो. त्याची प्रत मिळाली की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचे पुस्तक असे क्रमाने सर्व बदलावे, आणि मग पासपोर्टास हात घालावा. शाळेत एक, आधारवर दुसरे आणि लग्नपत्रिकेवर तिसरे, असे माझ्या अशिलांत किती तरी आहेत. राजपत्राला पैसे पडतात म्हणून पुष्कळ जण पुढे ढकलतात. मला ती काटकसर वाटत नाही.

भगिनींना स्वतंत्र सांगतो. लग्नानंतर पासपोर्टासाठी नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे, असे नाही. माहेरच्या नावाने जन्मभर पासपोर्ट बाळगता येतो. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले. तेव्हापासून विवाहाचा दाखला जोडण्याची अट गेली आणि आईवडिलांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालू लागले. नवऱ्याने टाकलेल्या, एकटीने मुले वाढविणाऱ्या बायका आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्या मुलांचा पासपोर्ट बापाच्या सहीवाचून होत नाही, असे त्यांना कोणी तरी सांगून ठेवलेले असते. प्रत्यक्षात अशा आईने विहित नमुन्यात घोषणापत्र दिले की तिचा अर्ज घेतला जातो.

जन्माच्या नोंदीचे पाहा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आता जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याखेरीज दुसरा कोणताही कागद पासपोर्टास चालत नाही; २०२५ च्या फेब्रुवारीत नियम तसा बदलला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन इत्यादी चालतात. तेव्हा घरात पाळणा हलला की २१ दिवसांच्या आत नोंद करा, आणि नोंदीत बाळाचे नावही घालून घ्या. नाव न घातलेले दाखले पुढे निरुपयोगी ठरतात. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही.

आमच्या भागात एक अडचण निराळीच आहे. कोयना धरणाच्या शिवसागरात तापोळा-बामणोलीच्या खोऱ्यातील गावे बुडाली आणि लोक ठाणे, कुलाबा, सांगली, सोलापूरकडे पांगले. आज साठी-सत्तरी गाठलेल्या कित्येकांचे जन्मगाव पाण्याखाली आहे. ते विचारतात, जन्मस्थळ म्हणून काय लिहू? जे जुन्या दाखल्यावर असेल तेच लिहा. गाव बुडाले म्हणून तुमचा जन्म काही पुनर्वसनाच्या वसाहतीत झालेला नाही.

पोलीस पडताळणीसंबंधी दोन शब्द अधिक कठोर लिहावे लागत आहेत. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, अल्पवयीनाचा १००० रुपयांत, आणि पडताळणीचे निराळे पैसे कोणालाही द्यावे लागत नाहीत. तरीही 'चहापाणी' मागितले जाते. पहिल्या वेळी माझ्याही घरी मागितले गेले. मी कोट अंगात घालून बाहेर आलो, तेव्हा मागणी विरली. ज्याच्यापाशी काळा कोट नाही त्याने काय करावे? द्यावयाचे नाही. प्रतिकूल शेरा गेला तर पासपोर्ट अधिकाऱ्याकडे लेखी म्हणणे मांडून फेरपडताळणी मागता येते. अर्ज नाकारला तर कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. काही मोजके अपवाद सोडता मागितल्यास प्रत द्यावी लागते, आणि अकराव्या कलमाखाली अपील करता येते. तोंडी 'होणार नाही' हे उत्तर कायद्याला ठाऊक नाही. हंगामात इथे आणि पावसाळ्यात गावी राहणाऱ्यांनी मात्र, पडताळणीच्या दिवसांत जेथे खरोखर राहणार तोच पत्ता सध्याचा म्हणून द्यावा, आणि वर्षभरातले दुसरे पत्तेही लपवू नयेत. २०१८ पासून देशात कोठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे पत्त्यापायी खोटे सांगण्याची गरज उरलेली नाही.

याच महाबळेश्वराने एप्रिल २०२० मध्ये दुसऱ्या जातीचा कागदही पाहिला आहे. टाळेबंदीत आमच्या वाड्यांतील माणसे तालुक्याची हद्द ओलांडू शकत नव्हती, मजूर रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले होते. आणि वाधवान कुटुंबातील व बरोबरची मिळून २३ माणसे पाच मोटारींतून खंडाळ्याहून येथे पोहोचली. त्यांच्यापाशी गृहखात्याच्या एका प्रधान सचिवाचे पत्र होते. बोभाटा झाल्यावर त्या अधिकाऱ्यास सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. ओळखीच्या पत्रावर प्रवास करणारे लोक असे असतात. आपल्याला पत्र देणारा कोणी नाही, आणि नसला तरी बिघडत नाही. ज्याच्याकडे पत्र देणारा नाही त्यालाच कायद्याने मिळालेल्या कागदाची खरी किंमत असते.

चळवळीतील तरुणांसाठी थोडे लिहिणे अवश्य आहे. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर अनेक मुलांवर गुन्हे नोंदविले गेले. काही मागे घेतले गेले, काही राहिले. ज्यांचे राहिले ते समजतात की आता पासपोर्ट मिळणे नाही, आणि म्हणून अर्जात प्रकरण लपवितात. दोन्ही चूक. नुसती फिर्याद नोंदलेली असणे म्हणजे न्यायालयात खटला प्रलंबित असणे नव्हे. परराष्ट्र खात्याने ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात हे स्पष्ट केले आहे. खटला खरोखर चालू असेल, तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच न्यायालयाची परवानगी आणून पासपोर्ट घेता येतो. न्यायालयाने मुदत घातली नाही तर तो एका वर्षाचा मिळतो. पण माहिती लपविली तर बाराव्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदमध्ये घोषणा दिल्याबद्दल जो सुटेल, तो खोट्या अर्जाबद्दल अडकेल.

ज्यांच्यापाशी पासपोर्ट आहे त्यांनी तो उघडून मुदत पाहावी. सज्ञानाचा दहा वर्षे चालतो, लहान मुलाचा पाच वर्षे किंवा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत. ज्याला आपण नूतनीकरण म्हणतो ते कायद्याने 'पुनर्निर्गमन' आहे, म्हणजे नवीनच पुस्तिका मिळते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. पुष्कळ देश सहा महिने शिल्लक असल्यावाचून आत घेत नाहीत, तेव्हा शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नये. मधल्या काळात मुलगा दहावी झाला असेल, तर तपासणीचा तो शेरा याच वेळी काढून घ्यावा. लुंबिनीस जाऊ इच्छिणाऱ्या वृद्धांनी मात्र पासपोर्टावाचून अडून राहू नये. नेपाळात भारतीय नागरिकाला मतदार ओळखपत्रावर जाता येते. अनुराधपूरला जायचे असेल तर तो पाहिजेच.

सातारा जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत आहे. अर्ज संगणकावर भरून, पैसे तेथेच भरून, वेळ ठरवून घ्यावी लागते. मध्यस्थाला हजार-दोन हजार देण्याइतके त्यात काही अवघड नाही, घरातली दहावीतली मुलगी ते करील. जाताना मूळ कागद न्यावेत. मी दर रविवारी सकाळी घरी असतो. ज्यांच्या नावांत तफावत आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी यावे, आणि येताना झेरॉक्स नको, ती पिशवीच सबंध घेऊन यावी.